रज्जाक मिस्त्रीची चौथी गिटार

मलकापुरात रज्जाकभाईंच्या समोर 'गिटार' हा शब्द मोकळा सोडणं धोक्याचं होतं. कुणी सहज म्हटलं, "काल गाडीत एका गोऱ्या सोजिराकडे गिटार पाहिली," की रज्जाकभाई हातातली चहाची बशी खाली ठेवत, रहदारीच्या पोलिसासारखा पंजा वर करत आणि विचारत, "कोनती?"

"कोणती म्हणजे? गिटार!"

"गिटार असं काई नसते, बाप्पा. जंगलात गेलो अन् जनावर पाह्यलं, असं म्हनता का तुम्ही? ससा पाह्यला का वाघ पाह्यला, सांगा ना! तारा आतड्याच्या का लोखंडाच्या? मान रुंद का अरुंद? पोटाचं भोक गोल का वाकडं? घोडी चिकटेल का सुटी?"

सांगणारा बिचारा वांगी घ्यायला बाजारात आलेला असे. एकदा खुद्द नायब तहसीलदार या जाळ्यात सापडले. अकोल्याच्या एका जलशात आपण गिटार ऐकली, एवढंच ते बोलले होते. पंधरा मिनिटं उलटतपासणी चालली आणि शेवटी, रोज दुसऱ्यांचे जबाब घेणाऱ्या त्या गृहस्थांनी कबुली दिली की ते वाद्य बहुधा व्हायोलिन होतं.

आणि गंमत सांगू? रज्जाकभाईंना स्वतःला कुठल्याच गिटारीवर धड एक सूर काढता येत नव्हता.

ते आमच्या गावच्या एका जिनात फिटर होते. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. वऱ्हाडात हे सांगावं लागत नाही, पण हे लिखाण चुकून पुण्याकडे गेलंच तर असू द्यावं. मी शाळामास्तर. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत, आणि ती इतकी पातळ की त्यांच्याकडे मिरची कांडली की आमच्याकडे शिंका सुरू.

त्यांचे वडील पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गाद्यांचा कापूस पिंजत रोहिणखेडपासून मोताळ्यापर्यंत गावोगाव फिरलेले. धनुकलीला बकऱ्याच्या आतड्याची दोरी असते, तिला तांत म्हणतात. रज्जाकभाईंचं सगळं बालपण त्या तांतीच्या तुंय-तुंय आवाजात गेलं होतं आणि त्यांना तिचा मनापासून वीट आला होता. "तांत म्हंजे गरिबी, मास्तर. लोखंड म्हंजे तरक्की," असा त्यांचा सिद्धांत होता. तो पुढे त्यांना चांगलाच नडला.

दुसरा सिद्धांत असा, की कुठल्याही वस्तूचं पोट उघडल्याशिवाय ती समजत नाही. गावातली निम्मी कुलपं, शाळेची पेटी आणि माझं गजराचं घड्याळ यांची पोटं त्यांनी उघडून पाहिली होती. पेटी आणि कुलपं वाचली. माझं घड्याळ मात्र तेव्हापासून फक्त शुक्रवारी गजर देई. रज्जाकभाई म्हणत, "नमाजी झालं ते."

त्यांचा धाकटा भाऊ हबीब त्यांच्याच जिनात यंत्रांना तेल घालायच्या कामावर होता. पण ती त्याची नोकरी. त्याचं खरं काम सतार. गावात कव्वाली असो की गणपतीपुढचं भजन, हबीब येऊन बसल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. रज्जाकभाईंनीच त्याला लहानाचं मोठं केलेलं. पण हबीब थोरल्या भावाला 'तू' म्हणायचा आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्याशी भांडायचा.

"भाई, तू सुरात खोकत नको जाऊ. खोकाचं असन तर बाहीर जा."

"माह्या घरात मी बाहीर जाऊ काऊन? तुले भाकर कोन देते बे?"

"भाभी देते. तू तं निरा गिळतं!"

भिंतीपलीकडचं हे कीर्तन आम्ही रोज ऐकत असू. भांडण रंगात आलं की समजायचं, जिनाचा भोंगा व्हायला अर्धा तास आहे.

मग एका हंगामात व्हायचं ते झालं. एका यंत्रात कापूस अडकला म्हणून हबीब हात घालून तो काढत होता. त्याच यंत्राच्या पलीकडच्या बाजूला रज्जाकभाईंनी आपली दुरुस्ती उरकली, "हात काढ" म्हणून हाक दिली आणि यंत्र फिरवणारा पट्टा चढवला. सगळ्या जिनाच्या त्या धडधडाटात कुणाची हाक कुणाला ऐकू जाते? हबीबच्या डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, वरच्या पेरापासून गेली. सतारीवर तार दाबायची ती नेमकी हीच दोन.

हबीबनं भावाला एका शब्दानं दोष दिला नाही. तेच वाईट झालं. दवाखान्यातून तो आला तो 'जी भाईजान' म्हणतच. जेवतो का? जी भाईजान. पाणी तापवू का? तुम्ही कायले तकलीफ घेता, भाईजान. सतार त्यानं एका कव्वालाला देऊन टाकली. भिंतीपलीकडचं कीर्तन बंद पडलं, आणि आमच्याकडे चुकून कुणी मोठ्यानं बोललं तर आम्हालाच चोरट्यासारखं होई.

एक दिवस रज्जाकभाई माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "मास्तर, तो आता माह्यासंगं भांडत नाई. पाव्हन्यासंगं बोलावं तसा बोलते. पाव्हना मले नाई पायजे, मले माहा भाऊ पायजे. तो वाजवीन, तईच तो भांडीन. त्या हाताले बसन असं वाद्य मी करून देतो. नाई दिलं तर फिटर म्हनून हाक मारू नोका मले."

मी मास्तरच, सल्ला दिल्याशिवाय राहवतं थोडंच? म्हटलं, "हात बदलून पाहा ना. डाव्याचं काम उजव्यानं."

"तुम्ही उद्या डाव्या हातानं फळ्यावर लिवा," रज्जाकभाई म्हणाले, "मंग आपन बोलू."

त्याच सुमारास स्टेशनावरच्या पिंटो गार्डसाहेबांनी आपली गिटार त्यांच्याकडे दुरुस्तीला पाठवली. एक खुंटी मोडली होती, बाकी काही नाही. रज्जाकभाईंनी आयुष्यात प्रथमच गिटार हातात घेतली, तारांवरून बोट फिरवलं आणि चमकले. तांत! रेल्वेचा गार्ड, डोक्यावर टोपी, खिशात शिट्टी आणि वाद्याला पिंजाऱ्याची तांत? त्यांना गार्डसाहेबांची दया आली. खुंटी तर बसवलीच, पण वर माणुसकी म्हणून सगळ्या तांती काढून सतारीच्या पोलादी तारा चढवल्या आणि चांगल्या ताणल्या. "साहेब खूश होऊन जाईन," असं मला सांगून त्यांनी गिटार पोचती केली.

चारच दिवसांनी नाताळ होता. पिंटोसाहेबांनी मलाही बोलावलं होतं. साहेब वाजवत होते, बाईसाहेब डोळे मिटून गात होत्या. दुसऱ्या कडव्याला बंदूक उडावी तसा आवाज झाला. गिटारीची घोडी, म्हणजे पोटावर चिकटवलेला तारांचा ठोकळा, फळीचा टवका घेऊन सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि केकात जाऊन रुतली. गिटारीचं पोट पुरीसारखं टम्म फुगलेलं.

"मिस्त्री!" पिंटोसाहेब दुसऱ्या दिवशी रज्जाकभाईंच्या दारात गरजले. "तुमने मेरा गिटार को मार डाला!"

दुसरा असता तर पळाला असता. रज्जाकभाई मान खाली घालून म्हणाले, "साहेब, कसूर माहाच हाय. पन मेलीच असन तर आता पोट उघडू द्या."

पोट उघडलं. आत कागदासारखी पातळ फळी, आणि तिला खालून पंख्याच्या काड्यांसारख्या नाजूक पट्ट्या. रज्जाकभाई कितीतरी वेळ आत टक लावून बसले. "मास्तर, हे घर तांतीसाठीच बांधेल हाय. पोलादाची वढ लय भारी. म्या मोगऱ्याच्या वेलीले बैल बांधला."

मग ते रोहिणखेडला गेले. लोखंडाची तरक्की सोडून, ज्या चुलत्याच्या घरी दहा वर्षांत पाय ठेवला नव्हता त्याच्याकडून बारीक तांत वळून आणली. जाड तीन तारांसाठी रेशमाच्या लडीवर तांब्याची केसासारखी तार गुंडाळली. फळी सरसानं सांधली. पिंटोसाहेबांनी गिटार छातीशी धरून एकदा झंकारली आणि रज्जाकभाईंना मिठी मारली. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती.

रज्जाकभाईंच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरू लागलं होतं. तांत बोटाला मऊ. लोण्यासारखी दबते. मग उरलेल्या पेरांनी हबीबला ती दाबता येणार नाही का? खोक्यांची लाकडं आणि शिसवीचा एक जुना पाट यांतून त्यांनी पहिली गिटार केली. हबीबनं ती घेतली. पण मान रुंद, बोटं आखूड. तार अर्धी दबे आणि सुराऐवजी नुसती फुसफुस निघे. त्यानं दोनदा वाजवून पाहिलं आणि गिटार खाली ठेवली.

"उम्दा हाय, भाईजान," तो म्हणाला.

रज्जाकभाईंच्या तोंडावर कुणी थप्पड मारली असती तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

पिंटोसाहेबांकडे मुंबईच्या एका वाद्यांच्या दुकानाचं चित्रांचं पुस्तक होतं. ते इंग्रजी मी वाचून दाखवायचं आणि रज्जाकभाईंनी चित्रावर बोट ठेवून हुंकार द्यायचा, असं आमचं पारायण सुरू झालं. त्यात पोलादी तारांची गिटार होती. मान अरुंद, म्हणजे बोटांना कमी ताणावं लागणार. "पोटात मजबूत बरगड्या पायजे," त्यांनी ठरवलं, आणि फुलीसारख्या दोन जाड पट्ट्या आत एकमेकींवर चढवल्या. ही दुसरी. तिचा आवाज असा खणखणीत, की पहिल्यांदा छेडली तेव्हा आमच्या फडताळातल्या बशा वाजल्या. पण पोलाद ते पोलाद. हबीबनं दोन-चार सूर काढले, डावा हात हळूच सदऱ्याखाली लपवला आणि म्हणाला, "उम्दा हाय, भाईजान."

तिसरीसाठी ते खामगावला गेले. तिथल्या एका बँडमास्तराकडे फुगीर पोटाची गिटार असल्याचं कळलं होतं. व्हायोलिनसारखी दोन वाकडी भोकं, तारा खाली शेपटीला बांधलेल्या आणि घोडी सतारीसारखी सुटी, नुसती तारांच्या दाबाखाली उभी. "सारंगीची मावशी हाय, मास्तर!" ते मला सांगत होते. त्यांनी बँडमास्तराकडे पोट उघडायची परवानगी मागितली. बँडमास्तरानं गिटार मोठ्या ढोलाच्या मागे लपवली आणि वर एक ढोलवाला बसवला. रज्जाकभाई मग नुसत्या नजरेनं मापं घेऊन आले. सागाचा ओंडका कोरून कोरून पाच महिन्यांत पोट तयार केलं.

"उम्दा हाय, भाईजान."

तिन्ही गिटारी ओळीनं भिंतीला लटकल्या. अमीनाभाभी, म्हणजे रज्जाकभाईंची बायको, माझ्या बायकोला सांगायच्या, "तीन सवती आनून ठेवल्या घरात. एक बी दळन दळत नाई."

मीही एकदा म्हटलं, "रज्जाकभाई, आता पुरे करा."

"पट्टा चढवाले किती वेळ लागला होता, मास्तर? टिचकी वाजवली तेवढा. तो उतरवाले दोन वर्सं लागतीन, नाई तर वीस लागतीन."

मी सरसाचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

एके दुपारी शाळेत डिप्टीसाहेबांची तपासणी चालू होती. आमच्या शाळेच्या लेखी वर्षातला हा सगळ्यात पवित्र क्षण. साहेब खुर्चीत, मुलं नवीन टोप्यांत, मी घामात. "मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या नद्या सांगा," साहेबांनी विचारलं, आणि वर्गाचं दार धाडकन उघडलं. दारात रज्जाकभाई. अंगावर वंगणाचे डाग, एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी.

"मास्तर! बोट लागत नाई!"

सगळ्या टोप्या एकदम दाराकडे वळल्या.

"बोटच लागत नाई तारेले! मॅनेजरसाहेबाच्या बंगल्यावर नळ दुरुस्त करून राह्यलो होतो. त्यायनं फोनोवर तबकडी लावली. मी सातदा लावाले लावली, मास्तर! गिटारच हाय, पन सूर पायऱ्या चढत नाई. बोटानं दाबला असता तं पायऱ्या चढला असता. हा घसरून राह्यला! गाईच्या हंबरन्यासारखा घसरून राह्यला! पुस्तक काढा, पुस्तक!"

"हे कोण?" डिप्टीसाहेबांनी मला विचारलं.

"पालक आहेत, साहेब," मी ठोकून दिलं.

पुस्तक माझ्या टेबलाच्या खणातच होतं. शेवटून तिसऱ्या पानावर एक माणूस खुर्चीत बसला होता, गिटार त्याच्या मांडीवर आडवी, ताटासारखी. डाव्या हाताच्या मुठीत एक लोखंडी कांडी, ती तारांवर नुसती टेकवलेली. हवाई बेटांची तऱ्हा, असं खाली छापलेलं. मी ते मोठ्यानं वाचलं. तारा मानेवरच्या पडद्यांपासून उंच उचललेल्या. त्या दाबायच्याच नाहीत. कांडी नेईल तिकडे सूर जाईल. रज्जाकभाईंनी ते पुस्तक माझ्या हातातून घेतलं, डिप्टीसाहेबांना लवून सलाम केला आणि ते गेले. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं की या शाळेतल्या पालकांना शिक्षणाची विलक्षण तळमळ आहे.

चौथी गिटार दीड महिन्यात झाली. मान चौकोनी, चांगली भरीव, कारण हिला मुठीत धरायचंच नाही. माथ्याची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी उंच, तारा हवेत. कांडीसाठी त्यांनी एका जुन्या बेअरिंगचा रोलर घेतला आणि चेहरा दिसेल इतका घासला. "धराले अंगठा पायजे अन् उरेल बोटं. तेवढं त्याच्यापाशी हाय," असं ते दिवसातून चारदा स्वतःशीच म्हणत.

रविवार होता. जीन बंद. मी त्यांच्या अंगणात मुद्दाम काही काम काढून उभा होतो. खरं सांगायचं तर काम काही नव्हतंच. अमीनाभाभी दाराशी कणीक मळत होत्या. आत, दारातून दिसेल अशा खाटेवर हबीब बसला. रज्जाकभाईंनी गिटार त्याच्या मांडीवर आडवी ठेवली आणि रोलर पुढे केला.

"जी भाईजान," हबीब म्हणाला. उजव्या हाताच्या बोटात तार छेडायची सतारीची नखी चढवली. ती त्यानं कुणाला दिली नव्हती, हे मला तेव्हाच कळलं.

पहिला आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा निघाला. दुसराही तसाच. अमीनाभाभींनी पदर तोंडाला लावला. तिसऱ्या वेळी हबीबनं रोलर हलकेच पुढे सरकवला, थांबवला, थोडा मागे घेतला, आणि त्या लाकडातून सतारीची मींड निघाली. एक सूर दुसऱ्या सुरात तुपासारखा वितळत गेला. मी हालचाल बंद केली. त्यानं डोळे मिटले. किती वेळ वाजवलं कोण जाणे. रज्जाकभाई हातात कानस धरून पुतळ्यासारखे उभे होते.

आणि ऐन रंगात हबीब थांबला. कपाळाला आठी. त्यानं गिटार डोळ्यांपुढे उचलून तारांच्या रेषेत पाहिलं.

"भाई," तो म्हणाला, "हे पट्टी कोन बसवली?"

"म्याच."

"कमानीसारखी काऊन घासली? रोलर सपाट हाय का नाई? मधल्या तारेले टेकते तं कडच्या तारेले टेकतच नाई. तारा एका पातळीत पायजे ना बे! डोये हायेत का बटनं? निरा गाढव हायेस तू!"

रज्जाकभाई कानस हातात धरून तसेच मागे वळून अंगणात आले.

"मास्तर, आयकलं?"

"ऐकलं."

"गाढव म्हनला मले."

"स्पष्ट म्हणाला."

त्यांनी खिशातल्या वंगणाच्या चिंधीनं डोळे पुसले आणि दोन्ही गालांवर काळे पट्टे ओढून घेतले. आतून हबीब ओरडला, "भाई! येतं, का कानस घेऊन पयाला?"

"येतो बे!" रज्जाकभाईंनी दारातूनच दम भरला. भांडण इतक्यात मिटेल अशी बहुधा त्यांना भीती वाटली असावी. "पट्टी माही बराबर हाय! तुहाच हात वाकडा हाय!"

त्या घरात दोन वर्षांत कुणी त्या हाताचं नाव काढलं नव्हतं. अमीनाभाभींची बोटं कणकेत तशीच राहिली.

"वाकडा तुह्याच पट्ट्यानं झाला ना बे," हबीबचा आवाज आला. "मंग आता हे पट्टी तरी सरळ कर."

"करतो," रज्जाकभाई म्हणाले आणि आत गेले.

पण कानशीचा आवाज बराच वेळ आला नाही.